हुप्प्याचं सुतक

कुंभार पिंपळगाव,
वैशाखातला शनिवार, भर दुपार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायावर रामप्रसादचं नुकतंच भादरलेलं डोकं.

आक्काला नमस्कार सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही पाठवलेलं तेल मी बाबांच्या गुडघ्याला चोळलं. गुडघ्याला काही फरक न्हाई, पण वासानं घरातल्या मुंग्या गेल्या, त्यामुळं तेल वाया गेलं असं म्हणता येत न्हाई. मंठ्याला पाण्याचे कसे हाल आहेत? म्हशीनं लाथ मारायचं सोडलं का? आमच्याकडं सगळे बराबर आहेत. बाबा बराबर आहेत. हे मी मुद्दाम दुसऱ्या बारीला लिहून राह्यलो: बाबा जिते आहेत, आत्ता ओट्यावर बसून टरबूज खात आहेत आणि बिया माझ्याच चपलेत टाकत आहेत. तेव्हा मोबाईलवर माझा जो फोटो तुम्हाला आला (डोकं गुळगुळीत, मिशा गायब, खांद्यावर मडकं), त्याच्यावरून आक्कानं काही धरून घेतलं असेल तर ते सोडून द्यायला सांगा. तुमचा फोन आल्ता तेव्हा मी ‘बाबा बरे आहेत, बाकी पत्रात लिहितो’ एवढंच म्हणून ठेवला, त्याचा राग धरू नका. ह्या घरात फोन आला की आमची कारभारीण दैवशाला तो आधी स्पीकरवर टाकते आणि मंग माझ्या हातात देते. आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं न्हाई. आमच्या पोरीची, मीनाची सोयरीक केदारखेड्याच्या तातेरावांकडं तुम्हीच जमवली, म्हणून काय झालं ते तुम्हाला बिलकुल खरं कळलं पाहिजे. खरं काय ते मला अजून कळलेलं न्हाई, पण झालं तसं लिहितो.

आमचं घर मारुतीच्या देवळाला चिकटून आहे, हे तुम्ही पाह्यलंय. उन्हाळा लागला, रानातलं पाणी आटलं की वानरं गावात येतात, हेही दरसालचंच. पण ह्या साली टोळी निघून गेली आणि तिच्यातला म्होरक्या हुप्प्या तेवढा मागं राह्यला. म्हातारा, काळ्या तोंडाचा, एक कान फाटलेला. कोणी म्हणे टोळीतल्या तरण्या नरानं त्याला हाकलून दिलं. आमचा भुजंगराव (जो गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात पुढं असतो आणि कार्यक्रम नसला तर तयार करतो) म्हणे, की हा मारुतीच्या सेवेसाठी थांबला. असेल. पण सेवा देवळात आणि मुक्काम माझ्या पत्र्यावर, असा त्याचा हिशेब होता. पहाटे पत्र्यावर असा उड्या मारायचा, की वाटावं घरावर गोटे पडून राह्यले. टीव्हीची छत्री त्यानं फिरवून घराच्या आत तोंड करून ठेवली. मोसंबीच्या बागेत जायचा, एक फळ तोडायचा, एक चावा घ्यायचा, फेकायचा, दुसरं तोडायचा. पूर्ण खाल्लं असतं तर मला एवढं लागलं नसतं. दैवशालेचा आरसा नेला आणि देवळाच्या शिखरावर बसून दिवसभर स्वतःकडं बघत बसला.

आता याला करावं काय? दाजी, तुम्ही पोथ्या वाचलेल्या आहेत, मला समजून सांगा. उंदीर गणपतीचं वाहन, पण घरात पिंजरा लावला तर कोणी अडवत न्हाई. साप निघाला तर पंचमीला दूध आणि बाकीच्या दिवसांना काठी. पण वानराच्या दिशेनं मी नुसता खडा उचलला तर समोरच्या ओट्यावरून चार म्हाताऱ्या एकदम ‘अरे अरे अरे’ करतात. दैवशालेचं तर असं झाल्तं, की एका हातानं काठी उगारायची आणि दुसऱ्या हातानं नमस्कार करायची. शनिवारी तो पत्र्यावर नाचला की ‘देव आले’, आणि रविवारी नाचला की ‘मेलं मढं आलं पुन्हा’. एकटे बाबाच तेवढे त्याच्याशी सातही दिवस सारखे वागायचे. बाबांना ऐकू कमी येतं, त्याला बोलता येत न्हाई, त्यामुळं दोघांचा कधी वाद झाला न्हाई. सकाळी बाबा ओट्यावर बसायचे, तो खाली पायरीवर. अर्धी भाकर ह्यांची, अर्धी त्याची. मी म्हणायचो, बाबा, तुम्हीच त्याला लाडावून ठेवलंय. बाबा म्हणायचे, ‘हो, ऊन लई वाढलंय.’

मंग कुरडयांचा दिवस उजाडला. मीनाच्या साखरपुड्यासाठी गल्लीतल्या बायका जमवून दैवशालेनं गव्हाचा चीक काढल्ता, हाटल्ता, कुरडया घातल्त्या. बाजेवर लुगडं टाकून सगळ्या वाळत ठेवल्या आणि बायका जेवायला आत गेल्या. बाहेर येऊन पाहतात तर हा मधोमध मांडी घालून बसलेला. बराचसा माल पोटात गेल्ता, काही हातापायाला चिकटल्ता आणि एक अख्खी कुरडई डोक्यावर टोपीसारखी बसल्ती. दैवशाला ओरडली न्हाई. ती खाली बसली आणि रडायला लागली. मीना तिच्या पाठीवरून हात फिरवून राह्यली, आणि ते दोघींचं बघून माझं डोकं सरकलं.

तसाच अनवाणी देवळात गेलो. शनिवार होता. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणलं, मारुतीराया, ह्याला माझ्या पत्र्यावरून तुझ्याकडं बोलावून घे, तुला नारळाचं तोरण बांधीन.

दाजी, माझ्या मनात देवळाचं शिखर होतं. माझ्या पत्र्यावरून त्याच्या शिखरावर, एका उडीचं अंतर. पण आपली भाषा कशी आहे बघा. ‘देवानं बोलावून घेतलं’ हे आपून कधी म्हणतो? तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. मी मोकळ्या मनानं घरी आलो, पोटभर जेवलो आणि झोपलो.

मंगळवारी सकाळी तो पत्र्यावरून आमच्या अंगणातल्या लिंबावर उडी मारायला गेला. रोज मारायचा, तीच उडी, तीच फांदी. फांदी मोडली. तो फांदीसकट खाली आला, माझ्या पुढ्यात. मी तोंड धुत होतो. उठायला गेला, उठता येईना. मंग त्यानं माझ्याकडं पाह्यलं. रागानं न्हाई. बाजारात ओळखीचा माणूस दिसल्यावर आपून पाहतो ना, तसं. माझ्या हातातून तांब्या पडला. बाबा ओट्यावरून उतरले. त्यांना मी उतरताना इतकं जल्दी कधी पाह्यलं न्हाई. त्यांनी तोच तांब्या उचलला, रांजणातून भरला, तुळशीचं एक पान टाकलं आणि त्याचं मुंडकं आपल्या मांडीवर घेऊन थोडं थोडं पाणी तोंडात सोडलं. तो प्याला. मंग त्यानं बाबांचं धोतर मुठीत धरलं आणि तसाच गेला. मूठ मला सोडवावी लागली. माणसाच्या हातासारखाच हात असतो हो दाजी, नखंबिखं सगळं. मला हे माहीत होतं, पण ठाऊक नव्हतं.

त्याच्यानंतर जे झालं त्याच्यात माझा हात काहीच न्हाई. देवळाच्या भोंग्यावर भुजंगरावानं जाहीर केलं. दुकानं बंद झाली. ट्रॅक्टरला केळीचे खांब लागले, भजनी मंडळ आलं. जे चार दिवसांमागं त्याला ‘ते बेणं’ म्हणत होते ते ‘महाराज शांत झाले’ म्हणायला लागले, आणि त्या क्षणापासून गावात त्याचा उल्लेख ‘ते’ असाच होतो, म्हणून मीही आता ‘ते’ लिहितो. प्रश्न आला की अग्नी कोणी द्यावा. भुजंगराव म्हणला, ज्याच्या अंगणात देह ठेवला, ज्याच्या घरचं शेवटचं पाणी प्याले, त्यानं. सगळ्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मी न्हाई म्हणलो असतो तर ‘का न्हाई’ असं विचारलं असतं, आणि ‘का’ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. होतं, पण गावात सांगण्याजोगं नव्हतं. म्हणून मी पटकन हो म्हणलो, आणि लोकांना वाटलं, काय माणूस आहे.

मंग मिशांचं निघालं. मी म्हणलं, माझे वडील जिते आहेत, त्यांच्या हयातीत मी मिशा कशा काढू? गुरुजींनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणले, की मारुतीराया चिरंजीव, त्यांच्या अंशासाठी काढल्या तर दोष न्हाई. मी म्हणलं, चिरंजीव आहेत तर मंग आपून जाळतोय कोणाला? गुरुजी म्हणले, वेळ जाऊन राह्यला. पुढं संकल्पाला त्यांनी गोत्र विचारलं. मी माझं सांगितलं. ते म्हणले, तुमचं न्हाई, त्यांचं. भुजंगराव म्हणला, वायुपुत्र लिहा. गुरुजी म्हणले, ते बापाचं नाव झालं. शेवटी माझंच गोत्र लावलं. म्हणजे दाजी, आता हुप्प्या आपल्या भावकीत आहे.

अग्नी देताना मला रडू आलं. नाटकाचं न्हाई, खरं. हुंदका आला. मला वाटलं धूर गेला, पण धूर दुसऱ्या अंगाला होता. भुजंगरावानं नेमका तेव्हाच फोटो काढला. त्याच्यात ते दिसत न्हाईत (ते केळीच्या पानाखाली होते), फक्त मी दिसतो, आणि खाली त्यानं लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली, आधारवड हरपला.’ एवढंच. कोणाचा आधारवड ते लिहिलं न्हाई.

घरी आलो आणि तिथून माझ्या डोक्याचा गुंता सुरू झाला. पहिली गोष्ट, आम्हाला सुतक आहे का न्हाई? देव म्हणावं तर देवाला मरण न्हाई, सुतक कसलं? जनावर म्हणावं तर गेल्या पोळ्यानंतर आमचा बैल गेला, तो तर ह्यांच्यापेक्षा कामाचा होता, त्याच्यासाठी कोणी मिशा काढल्या न्हाईत. भुजंगराव म्हणतो पूर्ण पाळा. गुरुजी म्हणतात थोडं पाळा. दैवशाला देवाला दिवा लावत न्हाई पण फोडणीला हळद टाकते, म्हणजे तिचं अर्धं आहे. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, ‘तहानलेल्याला पाणी दिलं, त्याच्यात सुतक कुठून आलं?’ (हे त्यांना बराबर ऐकू आलं.)

दुसरी गोष्ट त्याच्यापेक्षा अवघड. तोरणाचं काय? मारुतीनं माझं ऐकलं असेल तर नवस फेडला पाहिजे. पण नवस फेडला तर ‘मी मागितलं आणि मला भेटलं’ असं कबूल केल्यासारखं होतं, म्हणजे ते पाप माझ्या अंगावर. न फेडला तर नवस बुडवल्याचं पाप. आणि मारुतीनं ऐकलंच नसेल, नुसती फांदी कुजकी असेल, तर मी देवाला उगीच बदनाम करून राह्यलो. आणि मुळात मारुती माझ्यासाठी आपल्याच माणसाला कशाला बोलावेल? मी काही त्याचा एवढा लाडका न्हाई. शनिवारीसुद्धा तेल घालायला दैवशालाच जाते.

गुरुजींना मी आडून विचारलं, की समजा एखाद्यानं देवाला एक म्हणलं आणि देवानं वेगळं समजलं तर? ते म्हणले, शब्द महत्त्वाचा, उच्चार झाला तसं फळ. मंग अमृतलाल शेठजींच्या दुकानात गेलो. तुम्ही त्यांना ओळखता, चार पिढ्यांपासून इथं आहेत, जैन माणूस, मुंगीला वळसा घालून चालतो. ते म्हणले, ‘रामप्रसादजी, आमच्यात शब्दाचं एवढं न्हाई. मनात काय होतं ते महत्त्वाचं. मनानं केलेली हिंसा ती हिंसाच.’ मी खुश होऊन म्हणलं, मंग मी सुटलो, माझ्या मनात शिखर होतं. शेठजींनी चष्म्यावरून पाह्यलं. ‘शिखरच होतं ना?’ त्यांनी काही वाईट भावानं विचारलं न्हाई. पण मी कापूर घ्यायला गेल्तो तो तिथंच विसरून परत आलो. रात्रभर आठवून पाह्यलं. कुरडया आठवतात, दैवशालेचं रडणं आठवतं, मारुतीचा शेंदूर आठवतो. शिखर कधी दिसतं, कधी दिसत न्हाई.

ह्या असल्या हालतीत गुरुवारी दारात जीप थांबली. केदारखेड्याहून तातेराव, त्यांच्या घरच्या उषाबाई आणि नात्यातल्या चार-पाच बायका. उषाबाईंनी उंबऱ्यातच हंबरडा फोडला आणि दैवशालेच्या गळ्यात पडल्या. बायका आत गेल्या. तातेराव माझ्याजवळ ओट्यावर बसले, माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मला भरून आलं. मनात म्हणलं, काय सोयरा भेटला आपल्याला, एका वानरासाठी एवढ्या उन्हाचा, एवढ्या लांबून आला. (तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं न्हाई. डोक्यावर केस नसले की ऊन थेट आत जातं.)

तातेराव म्हणले, “वय झाल्तं.”

मी म्हणलं, “झाल्तं. त्यात तरण्यांनी हाकलून दिल्तं, ते मनाला लागल्तं.”

तातेरावांनी हात काढून घेतला. “कोणी हाकलल्तं? घरच्यांनी?”

“घरच्यांनीच म्हणायचं. मंग इथं पत्र्यावर राहायचे.”

“पत्र्यावर?”

“ऊन असो का काही असो. आम्ही लई बारी काठी दाखवली, पण उतरत नव्हते.”

तातेराव माझ्यापासून थोडे सरकून बसले. तेवढ्यात आतून बायकांचं ऐकू यायला लागलं. उषाबाई रडत रडत विचारत होत्या, “असा देवमाणूस वं! शेवटचं काही खाल्लं होतं का?”

दैवशाला डोळे पुसत म्हणली, “जायच्या तीन दिवस आधी बाजभर कुरडया खाल्ल्या.”

“बाजभर? ह्या वयात?”

“कच्च्याच. ओल्या. मी तेव्हा लई बोलले वं त्यांना, आता वाटतं खाऊ द्यायला पाहिजे होत्या.”

“आणि झालं कसं?”

“पत्र्यावरून लिंबावर उडी मारायला गेले.”

मंग उषाबाईंचा आवाज, जरा हळू, “डोक्यात काही फरक पडल्ता का मामंजींच्या?”

“डोक्याला काहीच न्हाई झालं,” दैवशाला म्हणली. “शेपटाला मार बसल्ता.”

आणि नेमके त्याच वक्ताला बाबा देवळातून काठी टेकत आले, ही सगळी माणसं, चपला, जीप पाहून दारात थांबले आणि मोठ्यानं म्हणले, “कोण गेलं रे रामप्रसाद?”

दाजी, त्याच्यानंतर उषाबाईंनी जी किंकाळी फोडली ती बसस्टँडपर्यंत गेली असं लोक सांगतात. एक बाई मागच्या दारानं पळाली ती वेशीजवळ सापडली. तातेराव उभे राह्यले, खाली बसले, पुन्हा उभे राह्यले. बाबांना मीनानं कानाजवळ जाऊन सगळं समजावून सांगितलं, की आजोबा, ह्या सगळ्यांना वाटलं तुम्हीच गेलात. बाबांनी थोडा विचार केला, उषाबाईंच्या समोर बसले आणि म्हणले, “मंग काय म्हणून राह्यल्त्या तुम्ही मला? पुन्हा म्हणा. मोठ्यानं म्हणा.” बिचाऱ्या उषाबाईंना ‘देवमाणूस’ तीन बारी ओरडून म्हणावं लागलं. बाबा एकदम तरतरीत झाले. म्हणले, ह्यांच्यासाठी च्या टाका.

सगळे हसायला लागले. मीना आत च्या करायला पळाली. हसण्या-हसण्यात तातेरावांनी विचारलं, की बाकी सगळं ठीक आहे, पण अग्नी तुम्हीच का दिला? आणि दाजी, मला काय झालं कोणास ठाऊक. ते मला पुसत होते तेव्हा मला शेठजींचा चष्मा दिसला. मी सगळं सांगून टाकलं. नवस, तोरण, ‘बोलावून घे’, सगळं. दैवशाला दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. हसणं जिथल्या तिथं थांबलं.

तातेरावांच्या शेतात मारुतीचं ठाणं आहे, हे तुम्ही मला सोयरीक जमवताना सांगितल्तं. ते सरळ मनाचे आहेत, रागावले न्हाईत. खाली मान घालून म्हणले, “आमच्यात सून आली की आधी त्याच्यापुढं नारळ फोडते. मंग घराचा उंबरा. आता मी त्याच्यापुढं काय म्हणून उभी करू? मला काही समजंना.” तेवढ्यात मीना च्या घेऊन आली. तिनं शेवटचं ऐकलं. ट्रे ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राह्यली. कोणी कपाला हात लावंना. कारण सुतक असेल तर ह्या घरचा च्या चालत न्हाई, आणि सुतक नसेल तर न पिणं म्हणजे सोयरीक मोडल्यासारखं. च्यावर साय धरली. मी पोरीच्या तोंडाकडं पाहू शकलो न्हाई. तातेरावांनी बाबांना विचारलं, मोठ्या माणसा, तुम्हाला काय वाटतं? बाबा म्हणले, “साखर कमी आहे.” त्यांनी एकट्यानं सुरू केल्ता.

मंग उषाबाई माझ्याकडं वळल्या. त्यांचे डोळे रडून अजून लाल होते. म्हणल्या, “भाऊ, मरताना पाणी कोणी दिलं?”

मी म्हणलं, “बाबांनी.”

“कुठं ठेवल्तं त्याचं डोकं?”

“मांडीवर.”

“आणि अग्नी देताना तुम्ही रडलात, फोटोत दिसतं. ते कशापायी?”

मी खरं सांगितलं. म्हणलं, “मला न्हाई समजलं, वहिनी. आजूक समजलं न्हाई.”

त्या म्हणल्या, “माझा सासरा दवाखान्यात गेला. आम्ही सगळे बाहेर उभे होतो, फॉर्म भरत. पाणी राह्यलं.” त्यांनी तातेरावांकडं पाह्यलं न्हाई, पण तातेरावांनी मान अजून खाली घातली. मंग उषाबाईंनी कप उचलला, बोटानं साय बाजूला केली आणि थंडगार च्या एका घोटात पिऊन टाकला. “पोरी,” मीनाला म्हणल्या, “आजूक अर्धा दे. गरम दे.”

त्याच्यानंतर सगळ्यांनी घेतला. तातेराव म्हणले, दहावा होऊन जाऊ द्या, मंग साखरपुड्याची तारीख धरू, आणि त्या दिवशी ठाण्यापुढं आपून सगळे मिळून बसू. जाताना जीपपाशी ते घुटमळले. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत न्हाईत, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, काढला, माझ्याकडं पाह्यलं आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणले, “येतो बरं का!” दाजी, जीप वेशीपार जाईपर्यंत मी हात हलवत राह्यलो.

असं सगळं आहे. सोयरीक कायम आहे, मिशा उगवून राह्यल्या, बाबांना रोज सकाळी अर्धी भाकर उरते आणि ती ते पायरीवर ठेवून देतात, चिमण्या खातात. आता मला एवढंच कळवा, की आम्हाला सुतक आहे का न्हाई, आणि मी जे मागितलं ते शब्दाप्रमाणं धरायचं का मनाप्रमाणं. पोथीत काही असेल तर पान सांगा. काही नसेल तर तसंही सांगा, म्हणजे मी शोधायचं सोडीन. आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद आणि म्हशीला दुरून नमस्कार.

तुमचा,
धड सुतकात न्हाई धड बाहेर न्हाई असा मेव्हणा,
रामप्रसाद

ता. क. – सुतकाचं न्हाई कळवलं तरी चालेल, तुमचं पत्र येईपर्यंत ते होऊन जाईल. खरं काम वेगळं आहे. इथल्या मारुतीला मी तोरण बांधलं तर भुजंगराव विचारील कशाचं, आणि भोंग्यावर सांगील. तर तुम्ही मंठ्याच्या मारुतीला माझ्या नावानं एक नारळाचं तोरण गुपचूप बांधून टाका. मारुती सगळीकडं एकच, असं मी धरून चालतो. नाव मोठ्यानं घेऊ नका. आणि शब्द नीट, विचार करून वापरा.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायच्या आधी दैवशालेनं पत्र वाचलं. (खळ तिच्याकडं मागितली, तिथंच माझं चुकलं.) सगळं वाचून ती म्हणली, दाजींना लिहा, तोरणं दोन बांधा. मी विचारलं, दुसरं कशाचं? म्हणली, “तुमच्याआधी सकाळी तेल घालायला मी गेल्ते. तुम्ही नुसतं बोलावून घे म्हणलात. मी त्याला बराबर शब्दात सांगितल्तं.”